मला एसी लागत नाही

१३ एप्रिल

गाडी आली. पांढरी, बुटकी, आवाज न करणारी. रुचिताने किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा यांनी विचारलं, "आणि मी?" ती म्हणाली, "बाबा, तुमचं लायसन्स संपलंय." कृषी भवनातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिली सही आपली ही सवय गेलेली नाही. दिवसभर फुगून होते.

गाडी रुचिताच्या कंपनीची आहे, विजेवर चालणारी, अजून बाजारात यायची आहे. पावसाळ्यापर्यंत ती आमच्याकडे राहील. कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरची वडीलधारी माणसं अशा गाड्या चालवणार आणि डॅशबोर्डखालचा एक काळा डबा सगळं टिपून घेणार. केव्हा निघालो, पाय किती दाबला, ब्रेक किती मारला, एसी कितीवर होता. डब्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत असतो.

एवढं टिपून करायचं काय, असं मी विचारलं. माझी सून हुशार, पण तिचं मराठी दिल्लीत वाढलेलं. म्हणाली, "आई, पाहुणे किती येणार माहीत नसताना तुम्ही आटा किती भिजवता? कमी पडला तर इज्जत जाते, जास्त झाला तर वाया. बॅटरीचं बिल्कुल तेच. मोठी टाकली तर गाडी महाग आणि जड. छोटी टाकली तर रस्त्यात बंद. ऊन किती पडेल, जाम किती लागेल, माणूस कशी चालवेल, काहीच नक्की नाही. त्यातून मला एक आकडा काढायचाय."

आटा नव्हे गं, कणीक, हे मी मनातच ठेवलं.

रुचिताचं म्हणणं आहे की छोटी बॅटरी पुरेल. तसं झालं तर साध्या पगारदार माणसाला गाडी परवडेल. वरच्या लोकांना पटत नाही, त्यांना पुरावा हवा आहे. जाताना मला म्हणाली, "तुम्ही फक्त नेहमीसारखी चालवा."

१६ एप्रिल

नेहमीसारखी चालवणं फार अवघड आहे. तो दिवा बघत असतो.

मला शाळेतलं इन्स्पेक्शन आठवलं. आदल्या दिवशी सगळ्या वर्गांत फिनाईल पडायचं, बाकं कपड्याने पुसून घेतली जायची, आणि सिस्टर फिलोमिना दारात उभ्या राहून आमचे बूट तपासायच्या. "बेस्ट फुट फॉरवर्ड, गर्ल्स." भानूचा एक बूट कायम मळलेला असायचा. ती तो दुसऱ्या पायाच्या मोज्यावर मागून घासायची आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. बोललो तर दंड होता, म्हणून आम्ही फक्त डोळ्यांनी बोलायला शिकलो होतो.

इन्स्पेक्टर साहेबांना आयुष्यभर वाटलं असेल की आमच्या शाळेला नेहमीच फिनाईलचा वास येतो.

आज मयूर विहारहून लोधी रोडला गेले आणि आले. एसी लावला होता. स्क्रीनवर "अजून इतके किलोमीटर जाईल" असा आकडा दिसतो, तो एसी लावताच झरकन खाली आला. माझेच मार्क कमी केल्यासारखं वाटलं. परत येताना बंद केला. काचा थोड्या उघडल्या. एप्रिलच आहे अजून.

२ मे

करोल बागेत जाऊन आले. आमची जुनी गल्ली आता ओळखू येत नाही. जिथे माझ्या वडिलांनी, नानांनी, बरसाती भाड्याने घेतली होती तिथे गाड्यांच्या सीट कव्हरांचं दुकान आहे. गच्चीवरची ती एक खोली, बाहेर मोरी, उन्हाळ्यात रात्री चार खाटा ओळीने. आई खाटांवर पाणी शिंपडायची. त्या ओल्या सुतळीचा वास मला अजून कुठे मिळालेला नाही.

हेही माझ्याबरोबर आले होते. मी एसी बंद ठेवला होता आणि गाडी चाळीसच्या वर जाऊ देत नव्हते. हे रुमाल ओला करून डोक्यावर घेऊन बसले. "वृंदा, गाडी चालवतेस की पाळणा हलवतेस?" असं विचारलं. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी बाजूने जाताना "आंटीजी, राम राम" म्हणून गेला. हे खूप हसले. मी हसले नाही. सिग्नल हिरवा असतानाच पोचायचं, म्हणजे ब्रेक लागत नाही, या विचारात होते.

पुढच्या खेपेला यांना मेट्रोने यायला सांगणार आहे. वजन कमी.

९ मे

रुचिता आज ऑफिसातून येऊन थेट स्वयंपाकघरात आली आणि मागून माझ्या गळ्यात हात टाकले. लग्नाला सहा वर्षं झाली, असं तिने कधी केलं नव्हतं. म्हणाली, सगळ्या गाड्यांमध्ये माझी गाडी एका चार्जमध्ये सर्वांत लांब जाते. मीटिंगमध्ये तिने माझा आलेख पडद्यावर दाखवला. चैतन्य गुडगावहून आल्यावर त्यालाही तिने तेच सांगितलं, आणि तो म्हणाला, "वा, आई, टॉपर."

भेंडी जरा करपली, पण कोणी बोललं नाही.

१८ मे

आज पारा बेचाळीसच्या वर होता. बहाव्याची झाडं सगळीकडे पिवळीधमक झाली आहेत, आणि त्यांच्याकडे बघायलाही डोळे उघडवत नव्हते. मी सरोजिनी नगरहून आले तेव्हा रुचिता खाली पार्किंगमध्ये उभी होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "आई, एसी चालू नव्हता?"

"मला लागतच नाही गं," मी म्हटलं. "आमच्या बरसातीत पंखासुद्धा नव्हता."

"जाममध्येही नाही?"

"मला एसी लागत नाही."

ती जरा वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिली. ब्लाउज भिजून चिकटलेलं होतं. मग "ओके" म्हणाली आणि फोनमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

वर आल्यावर मी मोरीत बसून डोक्यावर तांब्याने पाणी ओतून घेतलं. हे खोटं आहे का? लहानपणी खरंच लागत नव्हता.

२१ मे

जेवताना रुचिताने सांगितलं की साकेत, म्हणजे तिच्या टीममधला तो उंच मुलगा, तिच्याशी भांडला. तो म्हणतो की घरच्या मंडळींचे आकडे काढून टाकू, बेचाळीस डिग्रीत एसी बंद ठेवून जाममध्ये कोण बसतं. त्यांच्या आकड्यांवरून हिशेब केला तर गाडीला वाटेल की जाममध्ये उभं राहायला वीज लागतच नाही.

"मग तू काय म्हणालीस?" यांनी विचारलं.

"मी म्हटलं, माझ्या सासूबाई बसतात. आणि त्या खोटं बोलत नाहीत."

हे ताटाकडे बघत राहिले. मी सगळ्यांना पुन्हा आमरस वाढला. चैतन्यने नको म्हटलं तरी वाढला.

शाळेत शनिवारी कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या. चॅपलच्या कोपऱ्यात ती लाकडी खोली होती, हिरवा पडदा लावलेली. आत जाताना रडवेल्या, बाहेर येताना उड्या मारत. भानू म्हणायची, आपल्या धर्मात ही सोय नाही, आपल्याला सगळं जवळच ठेवावं लागतं.

१ जून

भानूलाही गाडी मिळाली. मीच रुचिताला तिचं नाव सुचवलं होतं. घरच्यांखेरीज थोडी बाहेरची माणसं घ्यायची असं ठरलं, आणि भानूइतकं गाडीचं वेड कोणाला आहे? तिचे यजमान जयंतराव गेल्यावर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली. नोएडात, सेक्टर पंधराच्या त्या मैदानाभोवती, रोज पहाटे. तिचा मुलगा आशय म्हणत होता की ड्रायव्हर ठेवू. तिने ऐकलं नाही. आता मैत्रिणींना विमानतळावर सोडायला हीच जाते.

नव्या गाडीत रुचिताच्या टीमने नवा हिशेब घातला आहे. नवीन माणूस चालवायला बसला की गाडी सुरुवातीला आमच्यासारख्यांच्या सवयींवरून अंदाज बांधते, मग हळूहळू त्याच्या सवयी शिकते. बॅटरीच्या तळाशी जी थोडी वीज राखून ठेवतात, तीही कमी केली आहे. आमचे आकडे चांगले आले म्हणून.

भानूने पहिल्याच दिवशी मला फिरवून आणलं. एसी अठरावर, पंखा पूर्ण. मला हुडहुडी भरली. मी काही बोलले नाही, तिचा आनंद कशाला मोडा.

११ जून

भानूची गाडी निजामुद्दीनच्या पुलावर बंद पडली. तिला रुग्णालयात नेलंय. आम्ही निघतो आहोत.

१२ जून

भानू बरी आहे. सलाइन लावलं आहे. ओठ सुकून फुटलेत. काल ती करोल बागेत गळ्यातलं गाठवायला गेली होती. परत येताना पुलाच्या अलीकडे स्क्रीनवर चौदा किलोमीटर दिसत होते आणि घर दहासुद्धा नव्हतं. वाटेत चार्जिंगचं ठिकाण लागलं, पण गरजच नव्हती, म्हणून ती थांबली नाही. पुढे पुलावर ट्रक उलटलेला. तासभर गाडी जागची हलली नाही. एसी चालू होता. चौदाचे नऊ, नऊचे चार, आणि मग सगळं बंद. एसीही. काचाही उघडेनात, ती घाबरून गेली होती, कुठलं बटण कुठे हेच सुचेना. शेवटी एका मोटरसायकलवाल्याने बाहेरून दार उघडायला लावलं आणि तिला ट्रकच्या सावलीत बसवलं.

पारा चव्वेचाळीस होता.

मी तिचा हात धरून बसले. बांगड्या काढून ठेवल्या होत्या. इतका हलका हात.

१५ जून

शिरा करून भानूकडे घेऊन गेले. केशर घालून, तिला आवडतो तसा. बोलावं असं ठरवून गेले होते. खोलीत आशय होता, मग नर्स आली, मग भानूला झोप लागली.

१९ जून

रुचिताच्या ऑफिसात चौकशी चालू आहे. ती जेवताना बोलत नाही. आज एवढंच म्हणाली की गाडीत बिघाड काही सापडला नाही. जाममध्ये एसीने वीज खाल्ली हे दिसतंय, पण या वयाच्या बाकीच्या चालकांशी ताडून बघितलं तर असा वापर कोणाचाच नाही. म्हणून साहेबांनी अहवालात "असामान्य वापर" असं लिहायला सांगितलं आहे. त्या मेल्या साकेतनेही या वेळी हरकत घेतली नाही. आकडे तेच सांगतात ना.

यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं संसार झाला, त्यांना कळलं असणार. ताटावरून उठताना फक्त एवढं म्हणाले, "महिनाअखेरीस ते आकडा पक्का करणार आहेत, असं ती म्हणत होती ना."

२२ जून

भानूकडे गेले. पुन्हा शिरा. आज ती बाहेरच्या खोलीत बसली होती, केस विंचरलेले, पण मला बघून उठली नाही.

कंपनीचं पत्र आलं आहे. आशयने वाचलं आणि तिच्या जुन्या लाल गाडीची किल्लीही काढून घेतली. तिला म्हणाला, "आई, बस आता. कंपनी स्वतः म्हणते आहे की तू गाडी चुकीची वापरलीस. उद्या काही झालं असतं तर?" तो वाईट मुलगा नाही. त्या दिवशी पुलावर तो अर्धा रस्ता पळत गेला होता.

मी म्हटलं, होईल गं सगळं ठीक. भानू पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "वृंदे, मलाच मेली गारव्याची हाव. बाकीच्या बायका बिनाएसीच्या चालवतात म्हणे. तूसुद्धा. मीच नाजूक झाले." आणि थोड्या वेळाने, "कदाचित स्क्रीनवर चार असेल आणि मी चौदा वाचलं असेन. आशय म्हणतो, होतं असं या वयात."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "शिरा खा, गार होतोय."

हे इथे लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि लिहिल्याने ती कमी होत नाही.

२४ जून

सांगितलं तर रुचिताचं काय होईल? तिने भर मीटिंगमध्ये माझी ग्वाही दिली आहे. छोट्या बॅटरीची ती गाडी तिचं दोन वर्षांचं काम आहे. आणि मी सासू म्हणून तिला काय दिलं? एक खोटा आलेख.

न सांगितलं तर किती भानू पुलावर बसतील, याचा विचार मी करत नाही. मला एकच भानू दिसते, आणि ती चौदाला चार म्हणते आहे.

२७ जून

सांगितलं.

रुचिता भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, मला एसी लागतो. मला खूप लागतो. मग बाकीचं सगळं. लोधी रोडपासून. टायरमध्ये हवा जास्त भरून घेत होते तेही. बाबांना मेट्रोने पाठवत होते तेही. शाळेच्या इन्स्पेक्शनचंही सांगून टाकलं, ते तिला किती कळलं माहीत नाही.

तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला थोडं माहीत होतं, आई."

मी विचारलं, काय माहीत होतं?

"त्या दिवशी पार्किंगमध्ये तुमचं ब्लाउज भिजलेलं मी बघितलं होतं. मी पुढे विचारू शकत होते. नाही विचारलं. मला तेच उत्तर हवं होतं."

हे ती माझं मन राखायला म्हणाली असावी. स्वभावच तसा आहे पोरीचा.

मी म्हटलं, मी उद्या तुझ्या ऑफिसात येते आणि सगळ्यांसमोर सांगते. ती म्हणाली, "नको. तुम्ही तिथे रडाल आणि मग मला सगळ्यांना पाणी देत फिरावं लागेल. ऑफिस मी बघते. भानूमावशींना तुम्ही सांगायचं."

"तिला तूच सांगितलंस तर? तुझ्यावर तिचा जास्त..."

"आई."

मग तिने उरलेली मेथी माझ्यासमोर सरकवली आणि उठून गेली. मी सगळी निवडून ठेवली. देठही काढले.

१ जुलै

काल पाऊस झाला. मी अजून भानूकडे गेलेली नाही. पाय निघत नाही.

रुचिता आज आली ती हसतच आली. चप्पल काढायच्या आधी सोफ्यावर बसली आणि हसत राहिली. तिने मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. मग साकेतने तिथूनच घरी फोन लावला आणि वडिलांना खोदून खोदून विचारलं. वडील कबूल झाले. ते उजाडायच्या आत गाडी बाहेर काढायचे, रिकाम्या रस्त्यावरून देवळापर्यंत जाऊन परत यायचे आणि दिवसभर गाडीला हात लावायचे नाहीत. मग एकेकाने आपापल्या घरी विचारलं. एकीची आई फ्लायओव्हर चढायचीच नाही, चढावर वीज जास्त जाते म्हणून खालून वळसा घालायची. एका काकांनी मागची सीट काढून घरात ठेवली होती.

"कोणीच खरं चालवत नव्हतं, आई. एकसुद्धा नाही. सगळे आमचे आईबाप. आम्हाला पास करत होते." हसता हसता तिने डोळे पुसले.

हे म्हणाले, "म्हणजे ज्याला असामान्य वापर म्हणालात तो एकच माणूस..."

"हो बाबा. भानूमावशीच एक खरं चालवत होत्या."

पुढचं तिने जेवताना सांगितलं, अगदी सहज. तळाची राखीव वीज पुन्हा वाढवणार. जाममध्ये एसी चालू आहे असंच धरून अंदाज करणार. घरच्यांचे आकडे बाद, पुन्हा नवीन माणसं, ज्यांचं कंपनीत कोणी नाही अशी. छोट्या बॅटरीचा प्रस्ताव आता होणार नाही. ते काम आता साकेत बघेल.

मी म्हटलं, तुझी दोन वर्षं. ती म्हणाली, "ठीक आहे. मला काही वाटत नाही." मनाची फार मोठी आहे. पोळी मात्र अर्धी टाकून उठली. पाऊस झाला तरी उकाडा आहेच.

६ जुलै

मेट्रोने भानूकडे गेले. शिरा नेला नाही.

आशय घरीच होता. मी म्हटलं, तूही बस. मग सांगितलं. या खेपेला इन्स्पेक्शन वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच की मी आणि बाकीचे सगळे खोटं चालवत होतो, म्हणून गाडी खोटं सांगत होती. भानूने चौदा वाचलं तेव्हा चौदाच होतं. तिने काहीही चुकीचं केलं नाही. आणि हे मला ती रुग्णालयात असल्यापासून माहीत होतं.

आशय उठून खिडकीकडे गेला. भानू हललीसुद्धा नाही.

"म्हणजे मी बरोबर होते," ती म्हणाली.

"हो."

"इतके दिवस मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, वृंदे. चष्म्याचा नंबर काढून आले. आणि तू शिरा घेऊन येत होतीस."

ती आशयकडे वळली आणि हात पुढे केला. "किल्ली."

"आई, आपण जरा शांतपणे..."

"आशय. किल्ली."

त्याने आतून आणून दिली. तिने ती कमरेला खोचली, कोणी काढून घेईल या भीतीने लहान मुली गोटी खोचतात तशी, आणि स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर बसून राहिले. भांड्यांचा आवाज येत होता, पण ती बाहेर आली नाही. आशयने मला दारापर्यंत सोडलं. "काकू, तुम्ही आधी सांगायला हवं होतं," असं हळूच म्हणाला, तेही हात जोडून.

भानूच्या घरून चहा न घेता मी आयुष्यात पहिल्यांदा निघाले.

७ जुलै

आमची गाडी कंपनीत परत गेली. काळा डबा काढायला आलेल्या माणसाने सही घेतली. यांनी करून टाकली.

१२ जुलै

भानूला फोन केला. उचलला नाही.

मला वाटलं होतं की सांगून टाकलं की त्या पोरींसारखं उड्या मारत बाहेर यायला होईल. तसं काही होत नाही. रुचिता माझ्याशी नीट बोलते, पूर्वीपेक्षा जास्तच नीट. हे रोज विचारतात, चहा घेतेस का. मी पुन्हा एकदा भानूला फोन केला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

१९ जुलै

दुपारी भानूचा फोन आला. फक्त म्हणाली, "ये." मी होते त्या साडीवर गेले.

कंपनीने तिला तीच गाडी परत दिली आहे, नव्या हिशेबाची. रुचिताने स्वतः नेऊन दिली, हे मला भानूकडून कळलं, रुचिता काही बोलली नव्हती. भानूने चहा दिला. मधे फारसं बोलणं झालं नाही. आशयचं, पावसाचं, सेक्टरमधल्या भाजीवाल्याचं. मी उठले तशी तीही उठली. म्हणाली, स्टेशनपर्यंत सोडते.

गाडी पूर्ण चार्ज होती, तरी स्क्रीनवरचा आकडा पूर्वीपेक्षा बराच कमी दिसत होता. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. "आता कमी सांगते," ती म्हणाली. एवढंच. मग तिने एसी अठरावर टाकला आणि पंखा पूर्ण केला. सगळ्या जाळ्या माझ्या बाजूला वळवल्या.

पाऊस पडून गेला होता, बाहेर काही ऊन नव्हतं. दोन सिग्नल गेले. माझे हात थंड पडले. पहिल्या दिवशी मी गप्प बसले होते. आज म्हटलं, "भानू, जरा कमी कर. मला गार लागतंय."

"लागू दे," ती म्हणाली.

मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. ती समोर बघून चालवत होती, छान, दोन्ही हातांनी, आरशांत बघत. स्टेशन आलं. तिने थांबवली नाही, सरळ पुढे काढली. मी तिच्याकडे बघितलं.

"पुढच्या स्टेशनला सोडते," ती म्हणाली. "अजून पुष्कळ जाते."

मला खूप गार लागत होतं.